पाण्याचं लिहिलेलं नाही

अलाबामातल्या आमच्या लहानशा शहरात रस्त्याकडेला इतिहासाच्या लोखंडी पाट्या जागोजागी उभ्या आहेत. कुठल्या जनरलचा घोडा कुठे थांबला, कुठल्या जजच्या घराला कसले खांब होते, सगळं त्यांवर आहे. मी कधी गाडी थांबवून एकही वाचली नव्हती. बाबा नागपूरहून राहायला आले आणि त्यांनी एकही सोडली नाही.

पेट्रोल पंपाशेजारच्या पाटीपुढे त्यांनी चपला काढल्या. इथे काळ्या मुलांची शाळा होती, असं तिच्यावर लिहिलेलं. आता तिथे नुसतं गवत आहे. बाबा पाटीच्या मागे गेले आणि वाकून काहीतरी शोधायला लागले.

"बाबा, काय हरवलं? ऊन लागेल, चला."

"विहीर बघतोय. पोरं पाणी कुठं प्यायची, ते लिहिलंच नाही यांनी."

बाबांना त्यांच्या शाळेत माठाला हात लावू देत नसत. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत पाणी, नाहीतर घरी जाईपर्यंत तहान.

बाबा वारल्यावर मी त्यांच्या गावी जाऊन आले. शाळेच्या दारात देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. माठाचं तिच्यावरही काही नाही.

हल्ली गाडीत पेट्रोल भरायला मी लांब पडलं तरी तिथेच जाते. पाटीपाशी उभी राहून अर्धी बाटली पाणी पिते आणि अर्धी तिथेच ठेवते. बाबा मागे गवतात विहीर शोधत असतील, आणि ती काही सापडायची नाही.