गटारात सोडलेलं कालव

वेल्ह्याहून निघाले तेव्हा, आक्का, तू बांधावर उभी राहून रडत होतीस आणि मी आतून हरखले होते. नवरे मुंबईला, बायका गावी, असंच आपल्याकडं सगळ्यांचं. यांनी मात्र गोदीतलं काम पक्कं होताच मला बोलावून घेतलं. नसरापूरपर्यंत चालत, पुढं मोटार, मग पुण्याहून आगगाडी. आई एवढंच म्हणाली, "पोटभर जेवत जा बाई. बाकीचं आपसूक व्हतंय."

आणि नेमकं तेच जमेना! चाळीत सकाळ-संध्याकाळ सुक्या बोंबलाचा वास. घास तोंडाशी नेला की तसाच परत ताटात ठेवायचे. ओढ्यातले खेकडे चवीनं खाणारी मी, हितं साधा भात गळ्याखाली उतरेना. बांगड्या पार कोपराकडं जायला लागल्या. यांनी घाबरून गावी निरोप धाडला आणि आपले आबा लेकीला न्यायला हजर. परत गेले असते तर नवरा दिसणार शिमग्याला, आणि गाव म्हणणार, नांदली न्हाई.

जावयानं सासऱ्याचा पाहुणचार करावा म्हणून यांनी आम्हाला बाजारातल्या खाणावळीत नेलं. बाईमाणसानं खाणावळीत बसायचं म्हणजे काय! पण मालकीण कोळीणच होती, म्हणून चाललं. काय गलका तो! बाकड्यावर माणसाला माणूस चिकटून, चुलाणाचा धूर, तळणाचा चर्र आवाज, "हिकडं सुरमई!" "आमचं माशाचं तिखलं कुठाय?" दारातच कालवांची पाटी. दगडासारखे ओबडधोबड शिंपले, आत जिता जीव. सांगाल तितके निखाऱ्यावर भाजून द्यायचे.

आबा वाकले आणि पाटीतलं एक कालव उचलून सरळ बाहेर चालते झाले. मला कळलं काय ते. आपल्याकडं पहिला खेकडा ओढ्याला परत सोडल्याशिवाय कुणी चूल पेटवतं का? पण बाजारात ओढा कुठला! आबांना वाहतं पाणी दिसलं ते मासळी धुतलेल्या पाण्याचं गटार. त्यात त्यांनी कालव सोडलं आणि डोळे मिटून हात जोडले.

सगळी खाणावळ हसायला लागली. यांचं तोंड तर एवढंसं झालं. मालकीण पळत गेली, गटारात हात घालून कालव काढलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं बाबा, गटाराला निवद? पावंल बरं तुमाला! आमी बी पयला मासा दर्यालाच देतो. ऱ्हाऊ द्या माज्याकडं, सकाळी घरवाला व्होडीतून सोडंल."

"मग मला काय म्हाईत," आबा म्हणाले, "पानी व्हातंय, म्हटलं असंल तुमचा वढा."

मला हसू आवरेना. मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा हसले, डोळ्यांतून पाणी येईतो हसले. आणि त्या हसण्याबरोबर भूकच लागली की गं! भाजलेली कालवं आली, मी आबांच्याच ताटातलं उचललं. खारट, मऊ, धुराचा वास. मग तांदळाची भाकरी, मग आणखी एक. हे नुसते बघत बसले.

जेवण झाल्यावर आबांनी विचारलं, "आता सांग. येतीस का संगं?"

"न्हाई, आबा."

त्यांना न्हाई म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. आबांनी तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. "सुटलो बाई," म्हणाले. "वाटंनं हेच घोकत आलो, पोरगी न्हाई म्हणू दे. पर व्हय म्हणाली असतीस, तर नेली असती. लोक काय बी बोलू देत."

आक्का, आता चाळीत माझी चूल आहे, शेजारणी आहेत, बोंबीलसुद्धा मीच भाजते. कुणी घर कुठं विचारलं तर मुंबईच सांगते. पण त्या दिवशी मी जे न्हाई म्हणाले, ते कुणाच्या जिवावर? हो म्हटलं असतं तरी मला घरी नेणारा माणूस समोर बसला होता, त्याच्याच जिवावर ना!