पुतणीचा पहिला वाढदिवस

शेजारून लसूण परतल्याचा वास आला की मला दुबईच्या अल बर्शातला पुतणीचा पहिला वाढदिवस आठवतो. दादाने फिलिपिनो लिझाशी लग्न केल्यापासून आई सुनेशी बोलत नव्हती. तिथे आली ती फक्त नातीसाठी. स्वयंपाकघरात लसणाचा भात परतला जात होता. लिझाच्या माहेरची माणसं माइकवर गात-नाचत होती, आई मात्र ताठ बसली होती. इतक्यात लिझाच्या आईने खुणावलं आणि सगळी पोरं रांगेने येऊन माझ्या आईचा हात कपाळाला लावू लागली.

"हे काय रे?"

"त्यांच्यात असाच नमस्कार करतात," दादा म्हणाला.

"औक्षवंत व्हा!" आई विरघळली. शेवटी लिझा वाकली, तेव्हा आईने तिचा गाल कुरवाळला. "जेवलीस का गं?"

तेव्हा मला आईचं कौतुक वाटलं होतं. आज जास्त वाटतं ते लिझाच्या आईचं. लेकीशी न बोलणाऱ्या बाईला तिने घरातल्या थोरल्या माणसाचा मान दिला होता.