हातातले बूट

पडदा वर जातो तेव्हा समोर मुरुडची वेस दिसते. पारावर चार म्हातारी माणसं आणि पलीकडे गुरुबसप्पांच्या डाळमिलच्या फाटकात उभी असलेली लाल गाडी. दोनच माणसांची, कापडी टपाची. हैदराबादच्या कुण्या शौकिनानं घेतली, मिरवली आणि गुरुबसप्पांना विकून टाकली. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, आणि तीन वर्षं दुष्काळात हुलकावण्या देणारा पाऊस त्या श्रावणात चार दिवस कोसळत होता.

गाडी चालवायचा व्यंकटी. तिचा गिअर मोठा मानी. क्लच दोनदा दाबायचा, मध्ये इंजिनाचा आवाज कानानं जुळवायचा, मग तो पडायचा. कोरड्या रस्त्यावर व्यंकटीचा हात बाजाच्या पेटीवर बोटं फिरावीत तसा चाले. पण दुष्काळात शिकलेल्या ड्रायव्हरला पाऊस कुठला ठाऊक?

त्याच्या पायात कायम काळे बूट असत. वडील रामकिशन यांनी दिलेले. तरुणपणी ते याच वेशीतून वहाणा हातात घेऊन जात. वरच्या आळीसमोर पायात घालायची सोय नव्हती. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पुन्हा वहाण हातात धरली नाही. पोराला नोकरी लागली तेव्हा एकच सांगितलं, "पगार कमी घे. पण बूट कुणाम्होरं काढू नको."

गुरुबसप्पांनी कधी काढायला लावलेही नाहीत.

त्या संध्याकाळी त्यांच्या पत्नी उमादेवींना सरपणात साप चावला. मिलचा ट्रक बाहेरगावी. व्यंकटीनं त्यांना शेजारी बसवलं आणि लातूरची वाट धरली. ओढ्यापाशी चढ लागला. टपातून, तळातून, सगळीकडून पाणी. क्लचच्या पॅडलवरचं रबर कधीच झिजून गेलेलं, नुसतं गुळगुळीत लोखंड. ओला बूट त्यावरून घसरे. क्लच अर्धाच दबे, गिअर दात खाई, गाडी मागं ओढ्याकडं सरके.

"व्यंकटी," उमादेवी कण्हत म्हणाल्या, "साप परवडला रे, तुझा गिअर न्हाई!"

"अक्का, डोळं मिटू नका. शिव्या द्या, पण बोलत ऱ्हावा."

तिसऱ्यांदा पाय घसरला. व्यंकटीनं हँडब्रेक ओढला, बूट काढून सीटमागं टाकले. अनवाणी बोटांनी लोखंड चिमटीत धरल्यासारखं धरलं, आणि गिअर पडला.

उमादेवी वाचल्या.

सकाळी त्यानं गाडी मिलमध्ये आणून लावली. बूट भिजून टणक झालेले, लोखंडानं सोललेला अंगठा सुजलेला. पाय आत जाईना. ते हातात घेऊन तो लंगडत वेशीतून घराकडं निघाला.

पारावरचा ज्ञानोबा हसला. "रामकिशन, पोरगं तुझ्यावर गेलं बघ!"

रामकिशन शेजारीच बसले होते. त्यांनी बूट पाहिले, पोराचा चेहरा पाहिला, काठी घेतली आणि उठले.

"आबा, पाऊस होता. पाय घसरत होता."

"पावसाला कशाला नाव ठेवतो? तीन वर्सं लोकांनी वाट बघितली त्याची."

बरं वाटल्यावर उमादेवी स्वतः घरी आल्या, शपथेवर सगळं सांगितलं. रामकिशननी त्यांना चहा दिला. "जीव वाचला, बरं झालं," एवढंच म्हणाले. मालकीण नोकराची बाजू सावरतेय, असं त्यांच्या मनानं घेतलं की काय, कोण जाणे. मुलाशी मात्र ते कामापुरतंच बोलत. व्यंकटीनं नवे बूट घेतले, ते घालून अंगणात मुद्दाम फिरे. आबा तिकडं बघत नसत.

माघात त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी व्यंकटी उशाशी बसला आणि इतके महिने मनात ठेवलेलं विचारून टाकलं, "आबा, माझ्यावर इश्वास हाय का न्हाई?"

म्हाताऱ्यानं त्याचा हात शोधून धरला. दोन दिवसांनी ते गेले. त्या दुपारी म्हणाले ते एवढंच,

"इश्वास हाय रे लेका. पण ह्या डोळ्यांनी तुझ्या हातात बूट बघितलं ना... त्येंची समजूत कोण काढील?"