आडवा न आलेला कुत्रा

पोशीरचा सखा गाडीवर जेवढा जीव टाकायचा, तेवढा बायकोवर टाकला असता तर त्या माउलीनं गावजेवण घातलं असतं. उभा जन्म टेंपो चालवला, आणि आता कर्जतला बंगला बांधलेल्या देवेशशेठची नवीकोरी गाडी हाती आली. समोर काही दिसलं की ही गाडी आपणहून ब्रेक मारायची. सखाला ते पटत नसे. मग ड्रायव्हर ठेवलाय कशाला?

दसऱ्याला त्यानं गाडी धुतली, नारळ फोडला आणि झेंडूचा जाडजूड हार गाडीच्या तोंडावर बांधला, थेट कंपनीच्या बिल्ल्यावरून. त्या बिल्ल्यामागेच समोरचं हेरून ब्रेक मारायला लावणारं गाडीचं रडार असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेठनंही नाही.

खालापूरच्या वाटेवर, मोकळ्या रस्त्यात, हार फडफडला आणि गाडी जागीच थांबली. मागची मोटारसायकल धाडकन आदळली. सखा पळत गेला. पाय मोडून पडला होता नागू, त्याच्याच गावचा, लहानपणापासूनचा सोबती.

लोकांनी नागूला दवाखान्यात नेल्यावर शेठ रस्त्यावर गाडीपाशी आला. त्यानं हार पाहिला आणि गुपचूप तोडून झुडपात फेकला.

"गाडीनं आपोआप ब्रेक मारला म्हणालास, तर विमावाले पहिलं विचारणार, पुढे हार कुणी बांधला. माझा क्लेम जाईल आणि तुझी नोकरी. कुत्रा आडवा आला म्हण. मग मागच्यानं अंतर ठेवलं नाही, चूक त्याची."

"पन शेठ, मागं नागू व्हता."

"मग? तुझ्या घरी दुसरं कोण कमावतं?"

खरं बोलावं तर पोट जातं, खोटं बोलावं तर नागूची भरपाई. गरिबाला असं कात्रीत धरणाऱ्याचं वाटोळं होवो, दुसरं काय म्हणायचं! सखा पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला म्हणाला, "कुत्रा आला."

हवालदार त्याला घेऊनच नागूचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेला. नागूनं आपल्याला खोटं पाडावं, असं सखाला आतून फार वाटत होतं.

"कुत्रा?" नागू कण्हला. "मला तर कायबी दिसलं नाय."

सखाचा जीव भांड्यात पडला. तो बोलणार, तेवढ्यात नागूच पुढे म्हणाला, "पन सखा बोलतो तर आसंल. त्यो कशापायी खोटं बोलंल? लिवा सायेब, माझीच चूक झाली."

नागूला उठता येईना. सही करताना कागद सखानंच धरला.