उमरीहून आलेला फोन

आमच्या गल्लीतले लोक मला म्हणतात, तुमची पुण्याई मोठी, महादेवानं लेकीला आणि नातवाला मरणाच्या दारातून परत आणलं. मी हात जोडतो आणि विषय बदलतो. महादेवानं परत आणलं हे खरंच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या दारापर्यंत त्यांना नेलं कोणी, हे लोकांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. गेलं वर्षभर सकाळी पूजेला बसून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं की आधी तेच आठवतं आणि मंत्र मागे राहतो. म्हणून हे लिहून काढतो आहे.

औशाच्या बाजारात माझं कापडाचं दुकान आहे. चार लोक ओळखतात, सणावाराला मान देतात, आणि तो मान मला आवडतो, हे आधीच कबूल करतो. एकुलती एक लेक भाग्यश्री. तिला नांदेड जिल्ह्यात उमरीला दिलं. माणसं शेतकरी, सरळ, खाऊनपिऊन सुखी. दिवस गेल्यापासून तिची तपासणी उमरीच्या सरकारी दवाखान्यातच चालली होती. तिथल्या आशा सेविका, कमलताई त्यांचं नाव, घरी येऊन तिला घेऊन जायच्या, गोळ्या द्यायच्या, दर मंगळवारी बीपी तपासून घ्यायच्या. भाग्यश्री फोनवर त्यांचं फार कौतुक करायची. मी ऐकायचो, पण मनात म्हणायचो, सासरी आहे तोवर ठीक. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्या दारी. ते मी सरकारी दवाखान्यात होऊ देणार नाही.

आठव्या महिन्यात उमरीला ओटीभरणाचा कार्यक्रम झाला. आम्हा लिंगायतांत आठव्या महिन्यात स्वामी येऊन पोटातल्या बाळासाठी लिंग देतात. बाळ जन्माला येईपर्यंत आई ते स्वतःच्या लिंगासोबत अंगावर सांभाळते. तो विधी झाला, पंगत बसली, आणि वाढता वाढता विहीणबाई हसत म्हणाल्या, "दादा, आमच्या थोरल्या सुनेचं बाळंतपण तिच्या बापानं एसीच्या खोलीत केलं बरं का. बघा, आता तुमची बारी हाय."

पंगतीत हशा झाला. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, बायका अशा थट्टा करतातच. पण मला ती झोंबली. मी मोठ्यानं सांगितलं, "लातूरच्या सगळ्यात मोठ्या खाजगी दवाखान्यात नाव घालतो, काळजीच करू नका." आणि नेमक्या त्याच वेळी कमलताई आशांची साडी नेसून, पिशवी खांद्याला लावून दारात आल्या आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात तपासणीचं एक मळकं गुलाबी कार्ड ठेवलं. "काका, लातूरला गेलं की आधी हे दाखवा. विसरू नका बरं. हिचा बीपी चढायला लागलाय." माझे कान तापले. आत्ताच मी मोठ्या दवाखान्याची बढाई मारली होती आणि हातात हे सरकारी कार्ड. मी ते उघडूनही पाहिलं नाही. दुमडून खिशात घातलं, लेकीला घेऊन औशाला आल्यावर दुकानाच्या खणात ठेवलं आणि कुलूप लावलं.

लातूरच्या खाजगी दवाखान्यात भाग्यश्रीला घेऊन गेलो तेव्हा वाटेत ती म्हणाली, "अप्पा, कार्ड घेतलं ना?" मी म्हणालो, "तिथं कोण बघतंय ते? ते सगळं नव्यानं तपासतात." डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, आधी कुठं तपासलं, काही कागद आहेत का. भाग्यश्री तोंड उघडणार तेवढ्यात मीच बोललो, "काही नाही डॉक्टर. सासर खेड्यात आहे, तिकडं तपासणी झालीच नाही." कार्ड लपवायचं म्हणून मी तिच्या सासरच्यांना निष्काळजी ठरवलं. भाग्यश्रीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दिवशी बीपी थोडासाच जास्त निघाला. आधीचं काही माहीत नसल्यानं डॉक्टरांनी आठवड्यानं परत यायला सांगितलं. दोष त्यांचा नव्हता.

त्यानंतर कमलताईंचे फोन सुरू झाले. भाग्यश्रीचा फोन वाजला की मी नाव बघायचो. एकदा मीच उचलला आणि म्हणालो, "बाई, आमची मुलगी आता मोठ्या डॉक्टरकडं आहे. तुमचं रजिस्टर भरायला सारखे फोन करू नका." पलीकडून आवाज आला, "रजिस्टर तर भरावंच लागतंय काका, पण..." मी फोन ठेवला आणि लेक आंघोळीला गेलेली असताना तिच्या फोनवर तो नंबर बंद करून टाकला. हे मी तेव्हा बायकोलाही सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी भाग्यश्रीचं डोकं दुखायला लागलं. डोळ्यांपुढं चमकतंय म्हणाली. वैशाखाचं ऊन होतं. मी म्हणालो, उन्हाचं असेल, कांदा लाव, पन्हं घे, परवा डॉक्टरांकडे जायचंच आहे. मंगळवारी दुपारी जेवून ती हात धुवायला उठली आणि मोरीपाशीच पडली. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले, तोंडातून फेस आला. बायको किंचाळत होती. शेजाऱ्यांनी गाडी काढली. औसा ते लातूर तो अर्धा तास मी तिचं डोकं मांडीवर धरून "नमः शिवाय" म्हणत होतो, पण शब्द नुसते ओठांवरून जात होते.

खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी धावत येऊन पाहिलं, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "बीपी फार वाढलाय. ताबडतोब सिझर करावं लागेल, आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. ती सोय आमच्याकडं नाही. मी फोन करून कळवतो, इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या." आणि तेव्हा, पोटची लेक समोर स्ट्रेचरवर पडलेली असताना, मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "डॉक्टर, सरकारीत नको. दुसरं काहीही सांगा." डॉक्टरांनी फोन लावायला घेतला. मग म्हणाले, "काका, आता तिथंच वाचेल ती." बायकोनं माझ्या दंडाला धरून मला बाजूला ओढलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं असा हात कधी लावला नव्हता.

सरकारी दवाखान्यात मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. गर्दी होती, फरशी ओली होती, पण आम्ही पोचायच्या आत दोन सिस्टर दारात उभ्या होत्या. भाग्यश्रीला आत नेलं. एक तरुण डॉक्टरबाई धावत आल्या आणि भराभर विचारू लागल्या. आधी कधी झटके आले होते? बीपी कधीपासून? कुठल्या औषधाची, इंजेक्शनची रिअॅक्शन? आधीचा काही कागद? बायको भिंतीला टेकून रडत होती, तिला काही सुधरत नव्हतं. जावयाला विचारता आलं असतं. पण त्यांना मी अजून फोनच केला नव्हता, कारण फोन केला तर सरकारी दवाखान्याचं नाव सांगावं लागलं असतं. खणाची किल्ली माझ्या खिशात मांडीला टोचत होती. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, "काका, लवकर सांगा. कुठल्या औषधाचा त्रास?" आणि मी म्हणालो, "नाही. काही नाही. कागदही नाही." मला खरं म्हणजे माहीतच नव्हतं. पण माहीत नाही म्हणणं आणि नाही म्हणणं यात फरक असतो. तिथं चार माणसांसमोर, कार्ड होतं आणि मी ते लपवलं, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि त्या ऑपरेशनच्या खोलीत गेल्या.

थोड्या वेळानं एक सिस्टर बाहेर आली. "अंगावरचं सगळं काढावं लागतंय काका. हे सांभाळा." तिनं माझ्या हातात दोन लिंगं ठेवली. एक भाग्यश्रीचं, चांदीच्या डबीतलं, मी तिला लहानपणी घेऊन दिलेलं. दुसरं चिमुकलं, रेशमी कापडात बांधलेलं, जे अजून जन्मालाही न आलेल्या जिवाचं होतं. दोन्ही कोमट होती. मी ती डाव्या तळहातावर घेतली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. जन्मभर मी या हातावर लिंग घेऊन पूजा केली, पण त्या दिवशी एक अक्षर म्हणता येईना. ज्या तोंडानं आत्ता खोटं सांगितलं त्याच तोंडानं त्याचं नाव कसं घ्यायचं? शेवटी मनात एवढंच म्हणालो, देवा, मला मागायचा हक्क नाही. तू तुझं बघ.

भाग्यश्रीचा फोन माझ्या खिशात होता. तो वाजला. नंबर अनोळखी होता. जावई दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोलत असतील म्हणून मी उचलून "हॅलो" म्हणालो.

"काका, मी उमरीची कमल बोलायले. ठेवू नका बरं फोन, आधी ऐका. माझा नंबर लागंना गेलाय, म्हणून जावेच्या फोनवरून लावले. आज मंगळवार, रजिस्टर घेऊन बसले तर भाग्यश्रीचं पान मोकळंच दिसायलंय. जिवाला चैन पडंना. बीपी बघितला का तिचा?"

मी कसंबसं सांगितलं, झटके आले, सिझरला आत नेलंय. त्या ओरडल्याच, "काका, ते इंजेक्शन! कार्डावर लाल शाईनं लिहिलंय बघा. सहाव्या महिन्यात लघवीच्या त्रासासाठी दिलं होतं, तर तिचा घसा सुजला होता, श्वास अडकला होता. सिझरच्या आधी तेच देत्यात लई ठिकाणी. सांगितलं ना तुम्ही डॉक्टरला? सांगितलं ना?"

मी धावलो. लिंगं छातीशी धरून ऑपरेशनच्या दारावर खांद्यानं धडका मारल्या. कुणीतरी रागावून दार उघडलं. मी फोन पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी खोटं बोललो. कार्ड होतं. मी लपवलं. हिच्याशी बोला." डॉक्टरबाईंनी फोन कानाला लावला. औषधाचं नाव ऐकलं, दोनदा विचारून खात्री केली, आणि आत वळून म्हणाल्या, "थांबवा. ते भरलेलं बाजूला ठेवा, दुसरं काढा." सिस्टरच्या हातात भरलेली सिरिंज होती. ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

पाऊण तासानं मुलगा झाल्याचं सांगितलं. लहान होता, अठरा दिवस काचेच्या पेटीत राहिला. भाग्यश्री तिसऱ्या दिवशी नीट शुद्धीवर आली. त्या दिवसांत ज्या दवाखान्याचं नाव घ्यायला मी लाजत होतो, तिथल्या मावश्यांनी माझ्या लेकीचे केस विंचरले, तिला भरवलं, दूध कसं पाजायचं ते शिकवलं. जावई आणि व्याही आले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण बारशाच्या दिवशी व्याह्यांनी सगळ्यांसमोर माझे हात हातात घेतले. "दादा, तुम्ही वेळेवर धावपळ केली म्हणून वाचली लेकरं." विहीणबाई डोळे पुसत होत्या. मी गप्प राहिलो. दवाखान्याच्या दारात जे ओरडून सांगितलं होतं, ते आपल्या माणसांत सांगायची ताकद परत गेली होती.

देवानं फोन केला, असं मी म्हणणार नाही. फोन कमलताईंनी केला, कारण मंगळवार होता आणि एक पान मोकळं होतं. पण अपमान करून तोडलेलं माणूस दुसऱ्याचा फोन मागून पुन्हा विचारतं, आणि तेही नेमकं त्याच घडीला, हे जिथून येतं तिथं मी फक्त डोकं टेकवतो.

तिसऱ्या महिन्यात लेकीला आणि बाळाला सोडायला मी उमरीला गेलो. तिथं पोचल्या पोचल्या व्याह्यांना आणि जावयांना समोर बसवून सगळं सांगितलं. व्याह्यांनी बाळाला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "बरं केलं, सांगितलं." मला ते पुष्कळ झालं. विहीणबाई आतून पाणी घेऊन आल्या, पण नेहमीसारख्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. बाळाला मीच घेऊन गेलो. अंगणवाडीच्या ओट्यावर दहा-बारा बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या आणि कमलताई रजिस्टर मांडीवर घेऊन नावं पुकारत होत्या. मी त्या सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "कमलताई, मी तुमचा नंबर बंद केला होता. मला माफ करा."

कमलताईंनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण हात थांबले नव्हते. म्हणाल्या, "होतंय काका असं. आणा इकडं, आधी वजन करू द्या. टोपडं काढा त्याचं." मी बाळाला काट्यावर ठेवलं. ते रडायला लागलं तशी मी त्याच्या पाठीखाली हात तसाच धरून ठेवला. पडलं तर, ही भीती.

"काका, हात काढा," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचा हात हाय तोवर खरं वजन कळत न्हाई. न्हाई पडायचं ते. मी हाय इथं."

मी हात काढून घेतला.