बाभळीचं औषध आणि मोरीचं पाणी

वेडी बाभूळ मारायला अक्कल लागत नाही, असा माझा समज होता. त्यामुळेच ते काम मी स्वतःच्या अंगावर घेतलं.

गावातल्या घरामागची बाभूळ आम्ही दरवर्षी तोडायचो आणि दरवर्षी तिच्या बुंध्यातून दहा फांद्या फुटायच्या. मी जालन्यात मस्तगडला राहणारा, मोबाइलवर शेतीचे व्हिडिओ बघणारा माणूस. भोकरदनहून तणनाशक घेतलं. दुकानदार म्हणाला, "कापल्या कापल्या लावा सर. बुंधा सुकला की काई उपेग न्हाई." मी मान डोलावली. शिकलेल्या माणसाला मान फार छान डोलावता येते.

बाभूळ कापली, काटे टोचून घेतले. मग जेवलो, जरा आडवा झालो. उन्हं कलल्यावर उठून सुकलेल्या बुंध्याला ब्रशनं औषध फासलं, अगदी लग्नघराचं दार रंगवावं तसं. सुरक्षिततेत मात्र कसूर नाही. हातमोजे घालून औषध कालवलेला मग्गा आणि ब्रश मोरीत तीनतीनदा धुतले, उरलेलं औषधही तिथंच ओतलं.

आमच्या मोरीचं पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात जातं, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

ते झाड आईनं पिंपळगाव रेणुकाईहून, तिच्या माहेराहून आणलेलं. तिकडचं घर विकलं गेलं, मामा गेले. माहेर म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. ते पिवळं पडलं आणि महिन्याभरात वाळून गेलं. बाभूळ मात्र औषधावर पोसली. पुढच्या खेपेला गेलो तर तिला हे तरतरीत फुटवे.

आईला मी खरं काय ते सांगितलं. ती वाळक्या झाडाखाली झाडत राहिली. मला फार लाज वाटली.

शेजारच्या चाचीला कळलं, तशी ती हातात एक रोप घेऊन आली. "भाभी, तुमच्याच झाडाचं पिल्लू नेल्तं मी. त्याच्या मुळाला हे फुटलं. बराबर तेच झाड हाय."

आईनं ते मोरीपासून लांब, दारापुढं लावलं. मी लगबगीनं मग्गाभर पाणी आणलं. तिनं मग्गा माझ्या हातातून घेतला, हुंगून बघितला आणि बाजूला ठेवून दिला.

"ह्याला मी घालीन पाणी," ती म्हणाली. "तू बाभळीला घाल. तिलाच तुझा हात मानवून राह्यला."