पुलामागचं पाणी आणि पाचवी

आमच्या साहेबांचा एक रिवाज मला पहिल्यापासून खटकायचा. हिशेब कसलाही असो, फेऱ्या दोनच करायच्या. दुसऱ्या फेरीच्या उत्तराभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढायचा आणि चहा मागवायचा. बहुतेक वेळा खपूनही जायचं. पण नदी काही लाल पेन्सिलीला भीत नाही.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. शहाद्याच्या अलीकडे गोमाईवर पुलाचं काम चाललं होतं. माझे यजमान तिथे ओव्हरसियर, आणि आमचा मुक्काम कामाशेजारच्या पत्र्याच्या खोल्यांत. हिशेबनीस आजारी पडून गावी गेला, आणि मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. "वहिनी रिकाम्याच असतात," साहेब म्हणाले. चूल, धुणं आणि विहिरीचं पाणी सोडलं तर होतेच म्हणा रिकामी. लॉगटेबलचं पुस्तक माझ्या पोळपाटाशेजारी येऊन बसलं.

श्रावणातल्या एका दुपारी नदीच्या वरच्या अंगाच्या पाणी मोजायच्या ठाण्यावरून फोन आला. सातपुड्यात धो धो कोसळत होता. किती पाणी सुटलंय त्याचा आकडा सांगितला आणि ते दिवेलागणीला आमच्याकडे पोचेल म्हणाले. पुलाच्या कमानींखाली अजून लाकडी आधार उभे होते, त्यामुळे पाण्याची वाट अर्धीच उरलेली. पाणी पुलामागे तुंबणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. किती तुंबणार, हा प्रश्न होता.

कारण पुलाच्या वरच्या अंगाला, काठावर, एक घर होतं. कापूस आणि केळी करणारं खातंपितं कुटुंब. त्या घरची माय आमच्याकडे दूध घालायची. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि त्या दिवशी बाळाची पाचवी होती. घराच्या वाटेवर एक नाला. नदी फुगली की तो मागे भरायचा आणि वाट बंद. बाळंतिणीला हलवायचं तर तासाभरात, नाहीतर नाहीच.

हा हिशेब सरळ त्रैराशिकाचा नव्हता. पाण्याची उंची काढायला वेग लागतो, आणि वेग काढायला उंची. म्हणून आधी एक उंची मनानं धरायची, तिच्यावरून नवी काढायची, मग ती धरून पुन्हा. मी कमी उंची धरून सुरुवात केली. उत्तर आलं, घरात पुरुषभर पाणी. तेवढं धरून दुसरी फेरी केली. उत्तर आलं, जोत्याच्या खाली, घर कोरडं.

साहेबांनी लाल पेन्सिल उचलली. "झालं. घर सुरक्षित. जीप सिमेंट हलवायला पाठवा."

"तिसरी करू द्या," मी म्हटलं.

"वहिनी, दोन फेऱ्या झाल्या ना?"

मला संताप आला. कमी उंची धरली की वाट अरुंद भासते आणि हिशेब म्हणतो, पाणी खूप चढेल. जास्त धरली की वाट रुंद भासते आणि तोच हिशेब म्हणतो, छे, एवढं कुठलं. उत्तर झोपाळ्यासारखं इकडून तिकडे जात होतं आणि साहेब झोका खाली आला की गोल काढून मोकळे. मी त्यांच्यासमोरच तिसरी फेरी केली. पुन्हा घरात पाणी. साहेबांची पेन्सिल हवेतच राहिली. मग मी दोन उत्तरांच्या मधला आकडा धरला, पुन्हा मधला, पुन्हा मधला. बोटं घामानं पानाला चिकटत होती. झोका लहान होत होत थांबला. जोत्याच्या वर एक वीत.

यजमान बाहेर जीप चालू करून उभेच होते. पण मला राहवेना. मी फोनवर कळलेला पाण्याचा आकडा जरासा वाढवून एक हिशेब केला. जरासाच. तर कमानी पुऱ्या बुडत होत्या, आणि एकदा त्या बुडाल्या की पाणी एकदम छातीपर्यंत उडी घेत होतं. मी साहेबांना दाखवलं. ते टोपी घालून आमच्याबरोबर निघाले.

मायचे दोन्ही मुलगे गुरं घेऊन उंचवट्यावर गेले होते. अंगणात पाचवीच्या पूजेसाठी पाटा-वरवंटा धुऊन ठेवलेला. मायनं आम्हाला पाहिलं आणि मलाच विचारलं, "पानी कोठलोंग यी?"

"जोत्याच्या वर वीतभर."

"वीतभर?" ती हसली. "खाट तं दीड हात उची शे."

मी तिला दुसरा आकडाही सांगितला. थोडंसं जास्त आलं तर छातीएवढं.

"जास्त यी का?"

"ते मला सांगता येत नाही, माय."

तिनं लेकीकडे पाहिलं, आणि लेकीला घोंगडीत गुंडाळून बाळासकट जीपमध्ये बसवलं. मला हायसं वाटलं. मी तिचाही हात धरला, तर तिनं तो सोडवून घेतला.

"आज सटवाई यी. पोरना कपायवर लिखाले. रिकामं घर दखीसन ती परत जाई, मंग पोरनं नशीब कोन लिखी? पत्ता सांगाले कोनी तरी घरमा पाहिजे."

यजमानांनी समजावलं, साहेबांनी दरडावलं. नाल्याचं पाणी जीपच्या चाकांना लागलं होतं. आत बाळ रडत होतं.

"वीतभरच म्हनस ना बाई?" ती मला म्हणाली. "मंग मी खाटवर बसी ऱ्हासू."

दिवसभर मी आकड्यावर विश्वास ठेवा म्हणून भांडले होते. आता कोणीतरी ठेवला होता. वीतभर खोटं आहे, बसू नकोस त्या खाटेवर, असं ओरडावंसं वाटलं. पण खोटं नव्हतं ते. जीप नाल्यातून कशीबशी निघाली.

दिवेलागणीला पाणी आलं ते आवाजासकट. मी खोलीच्या दारात उभी होते. कमानी दिसत होत्या, मग नुसते त्यांचे माथे. मग अंधार पडला आणि तेही दिसेनात. आत बाळंतीण बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

उजाडल्यावर पाणी ओसरलं आणि आम्ही चिखल तुडवत गेलो. माय खाटेवर पाय वर घेऊन बसलेली होती. अंगावरचं लुगडं ओलं, ओठ निळे. पाटा-वरवंटा तिनं मांडीवर घेतला होता.

"वीतभर नई, बाई," ती म्हणाली. "दोन वीत उनं."

मी तिथेच तिच्या पायाशी बसले आणि हमसून हमसून रडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो बर्फासारखा गार होता.

"रडू नको. सटवाई उनी व्हती. मी तिले तुन्हं घर सांगी दिन्हं."